गडग्याच्या आत

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास सेक्रेटरीचा फोन आला. तिकडे तेव्हा दुपारचा एक. जय भीम झाला, मुलाबाळांची चौकशी झाली आणि मग जरा थांबून त्याने विचारले, "ती ढोलकी आहे ना रे अजून?"

"आहे. खिळ्याला टांगलेली आहे."

"पाण्याबिण्यात भिजली नाही ना?"

"नाही रे बाबा."

"मग पाठव. यंदा ओटीचं नाव नोंदवलंय."

वाचकांना यातले काही कळणार नाही. ओटी कुठली, नाव कशासाठी आणि एवढ्या लांब ढोलकी कशाला, हे सांगायचे तर 2019 सालच्या एका दुपारची हकिकत सांगावी लागेल. या सदरातून आम्ही बहुधा जातपडताळणीचे दाखले, रेशनकार्डे, पतपेढीचे व्याज असल्या विषयांवर लिहितो. आज गाणेबजावण्यावर लिहीत आहोत. वाचक सांभाळून घेतील.

सेक्रेटरी हे त्याचे नाव नव्हे. वरळीच्या बीडीडी चाळीत आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, मध्ये लांबलचक पॅसेज. सोळा वर्षांचा असताना जयंती मंडळाच्या हिशेबाची वही त्याच्या हाती आली आणि तेव्हापासून सगळी चाळ त्याला सेक्रेटरी म्हणू लागली. पुढे आम्ही दोघांनीही बी.कॉम. केले, पण हिशेब त्याचाच चोख. आणि हिशेबापेक्षा चोख होता त्याचा ढोलकीवरचा हात. शनिवारी रात्री पॅसेजमध्ये सतरंजी पडायची, त्याचे काका पेटी घेऊन बसायचे, सेक्रेटरी ढोलकी मांडीवर घ्यायचा आणि गायन पार्टीची तालीम सुरू व्हायची. आम्ही कोरसात. खरे सांगायचे तर कोरसाच्याही मागच्या रांगेत, टाळ्या देण्यापुरते. पॅसेजच्या दोन्ही बाजूंची दारे उघडी असायची. कोणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असे, कोणी अभ्यास सोडून.

मग नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली. आम्ही कारकुनीत शिरलो आणि कल्याणला राहायला गेलो. सेक्रेटरीच्या सौभाग्यवती नर्स. त्यांना अमेरिकेत नोकरी मिळाली आणि 2009 साली तो बिऱ्हाड घेऊन तिकडे गेला. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे गाव आहे, कॉर्नेल विद्यापीठाचे. तिथे विद्यापीठाच्या भोजनगृहात तो हिशेबाचे काम बघतो. जाताना ढोलकी मंडळाला देऊन गेला. मंडळाने पुढे डीजे लावला, आणि ढोलकी कुठे गेली ते आजतागायत कोणाला सांगता आलेले नाही.

तो दहा वर्षे बोलावत होता. शेवटी 2019 मध्ये आम्ही पतपेढीचे कर्ज काढले, अर्धे तिकीट त्याने घातले, कचेरीचे ना-हरकत पत्र मिळायला दोन महिने लागले, आणि सप्टेंबरात गेलो. पहिल्या दिवशी न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठ पाहिले. 1913 ते 1916 बाबासाहेब तिथे शिकले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे, त्यापुढे उभे राहिलो. त्या दिवसाबद्दल पुढे कधीतरी स्वतंत्र लिहू. तिथून साडेतीनशे किलोमीटर बसने इथाका. गाव लहान, तीसेक हजार वस्तीचे, एका लांबट सरोवराच्या टोकाशी. विद्यापीठ टेकडीवर आणि जुनी लाकडी घरे खाली सपाटीवर. या सपाटीवरच्या 'फॉल क्रीक' नावाच्या मोहल्ल्यात सेक्रेटरी राहतो. दुमजली लाकडी घर, खालचा मजला भाड्याचा, वर घरमालकीण. वय सत्तरीचे, एकट्याच.

रविवारी सकाळी वहिनींनी चपात्या, बटाट्याची भाजी आणि सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरली. सेक्रेटरी म्हणाला, "चल, आज दुपारभर लोकांच्या बागांत बसून गाणी ऐकू."

"कुणाच्या बागांत?"

"कुणाच्याही."

आम्हांला वाटले चेष्टा करतो आहे.

तिकडच्या जुन्या घरांना पुढे ओटी असते. आपल्या कोकणातल्या पडवीसारखीच, छपराखाली, रस्त्याकडे तोंड करून. तिला ते पोर्च म्हणतात. ओटीपुढे हिरवळ, चार फुलझाडे, मग पायवाट आणि रस्ता. 2007 साली या मोहल्ल्यातल्या दोन शेजारणींच्या मनात आले की आपण आपल्या ओटीवर वाद्य वाजवतो तसे आणखीही कोणी वाजवत असतील; एक दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून वाजवले तर? त्या वर्षी वीसेक मेळे जमले. आम्ही गेलो तोपर्यंत ती संख्या शंभराच्या वर गेली होती आणि अमेरिका-कॅनडातल्या शंभराहून अधिक गावांनी ही कल्पना उचलली होती. नाव 'पोर्चफेस्ट'. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी बारा ते सहा. ज्याला ओटी आहे तो ओटी देतो, ज्याला वाजवता येते तो वाजवतो. कुठल्या घरी किती वाजता कोणता मेळा, याचा नकाशा निघतो. तिकीट नाही, मानधन नाही. लोक नकाशा हातात घेऊन या घरून त्या घरी चालत राहतात आणि आवडेल तिथे परक्याच्या बागेत बसतात.

आमचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. पावती कुठे फाडायची? सेक्रेटरी हसला. म्हणाला, "दहा वर्षं मी पावतीपुस्तक शोधतोय. नाहीच." वीज घरमालकाची, खुर्ची घरमालकाची, गाणे गाणाऱ्याचे. हिशेब ठेवायला जागाच नाही. दोन बी.कॉम.वाल्यांना ही व्यवस्था पचायला जड गेली.

पहिल्याच घरी आमची पंचाईत झाली. एक म्हातारा गृहस्थ ओटीवर अकॉर्डियन वाजवत होता, म्हणजे भाता पुढे धरायची पेटीच म्हणा. हिरवळीवर वीस-पंचवीस माणसे बसली होती. सेक्रेटरी सरळ आत जाऊन बसला. आम्ही पायवाटेवर उभे. तिथे कुंपण नव्हते, फाटक नव्हते, कोणी अडवले नव्हते. सिमेंटची पायवाट संपत होती आणि गवत सुरू होत होते, एवढेच. पण पाऊल उचलेना. तसेच उभ्याने दोन गाणी ऐकली. मग ओटीवरच्या एका बाईने आमच्याकडे पाहून हाताने गवतावर थोपटल्यासारखे केले, बसा म्हणून. तेव्हा बसलो. तेही कडेला.

सेक्रेटरीने काही विचारले नाही. त्याला ठाऊक होते. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, त्याचे शेजारच्या तालुक्यातले.

आमचे आजोबा सनई वाजवत. कोकणात खालू बाजा असतो: सनई, ढोल, टिमकी. बऱ्याच गावांत हा बाजा आपल्या लोकांकडे होता. लग्न असो, पालखी असो, बाजाशिवाय पान हलत नसे. खोताच्या घरचे लग्न म्हणजे चार दिवस वाजवायचे. पण वाजवायचे कुठे? गडग्याच्या बाहेर. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, गडगा म्हणजे आवाराभोवती रचलेली जांभ्या दगडांची कमरेइतकी भिंत. आत सारवलेले खळे, खळ्यात मांडव, मांडवात पाहुणे. सूर गडग्यावरून आत जायचा. सूर काढणारा जायचा नाही. जेवणाची पत्रावळ शेवटी गडग्यावर आणून ठेवत. वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे होते, आजोबांच्या मागून टिमकी घेऊन जात. त्यांना आठवते ते एवढेच की पत्रावळीपर्यंत हात पुरत नसे.

धम्मदीक्षेनंतर गावातल्या आपल्या माणसांनी गावकीची कामे सोडली. त्यात बाजाही सोडला. आजोबांनी सनई माळ्यावर ठेवली. वडील सांगत की पावसाळ्यात एखाद्या रात्री ते ती खाली काढत, कापडाने पुसत, तेलाचा हात फिरवत आणि पुन्हा वर ठेवत. वाजवली कधी नाही. सोडले ते योग्यच केले, यात आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या तेलाच्या हाताचे काय करावे ते आम्हांला अजून कळलेले नाही.

असो. अकॉर्डियनवाल्याला टाळ्या देऊन उठलो. पुढच्या घरी शाळकरी मुलांचा मेळा होता. ड्रम वाजवणारी मुलगी दहाएक वर्षांची असेल. ताल चुकला की स्वतःच मोठ्याने हसायची आणि पुन्हा सुरू करायची. बाप खाली हिरवळीवर बसून लिंबू सरबत विकत होता. एका घरी फक्त नवराबायको, दोघांच्या हाती गिटार, ऐकायला आम्ही धरून सहा माणसे आणि एक कुत्रा. एका घरी मात्र इतकी गर्दी की लोक रस्त्यावर नाचत होते.

एक गोष्ट आम्ही कान देऊन ऐकली. एका गल्लीत चार घरे सोडून दुसरा मेळा वाजत असायचा, पण एकाचा आवाज दुसऱ्याच्या अंगणात शिरत नव्हता. कर्णे लहान, काही ठिकाणी नाहीतच. दोन मेळ्यांच्या मध्ये एक अशी जागा यायची की दोन्ही गाणी मंद ऐकू यायची, आणि चार पावले टाकली की एक मागे पडायचे. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही ती दरवर्षी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवतो. मुले म्हणतात, काका, बाकीचे लावतात तेव्हा तुम्ही कुठे असता? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही, आणि प्रश्न खोटा आहे असेही म्हणवत नाही.

तीनच्या सुमारास एका झाडाखाली डबा उघडला. चटणीचा वास सुटला. शेजारच्या बाकावरून एक तरुण उठून आला आणि काय आहे म्हणून विचारू लागला. सेक्रेटरीने त्याला चपातीच्या तुकड्यावर चटणी दिली. त्याने खाल्ली, डोळ्यांत पाणी आले, तरी आणखी मागितली. त्याच्या पाठीवर एक पिशवी होती. सेक्रेटरी म्हणाला, "हा बँजोवाला आहे. पाच वाजता आमच्या समोरच्या घरी वाजवणार आहे."

बँजो म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे आपला बँजो आला. वाचकांनाही तोच दिसला असेल: गाडीवर ठेवलेला, टाईपरायटरसारख्या चाव्यांचा, मिरवणुकीतला. त्याने पिशवीतून काढले ते वेगळेच. लांब मान, पाच तारा आणि खाली डफासारखे गोल कडे, त्यावर पडदा ताणलेला. आता पडदा बहुधा प्लास्टिकचा असतो, पूर्वी कातड्याचा असे. आम्ही त्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. नाद थेट डफाचा.

या बँजोची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पश्चिम आफ्रिकेतून जी माणसे गुलाम करून नेली, त्यांनी हे वाद्य तिकडे घडवले. भोपळ्यावर कातडे ताणायचे, त्याला दांडा बसवायचा, तारा लावायच्या. गांबिया-सेनेगल भागात त्याचे भाऊबंद वाद्य आजही आहे, अकोंटिंग नावाचे. मळ्यांवर दिवसभर राबून रात्री ही माणसे ते वाजवत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून त्यांची नक्कल करणारे खेळ काढले, त्यात बँजो घेतला, पैसा केला. होता होता वाद्य गोऱ्यांच्या घरोघर गेले, आणि आज पुष्कळांना ते डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचेच वाटते. ज्यांचे होते त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातून ते सुटले होते. अलीकडे काही कलावंतांनी पुन्हा हाती घेतले आहे. त्या तरुणाला हे सगळे ठाऊक होते. तो स्वतः गोरा. हे सांगताना खाली बघून सांगत होता.

तेव्हा सेक्रेटरी उठला. म्हणाला, "चल, तुला एक घर दाखवतो. गाणं नाही तिथं, पण दाखवतो."

दहा-बारा मिनिटे चाललो. कॅस्केडिला नावाचा रस्ता. एका साध्या घरापुढे उभे राहून तो म्हणाला, "अ‍ॅलेक्स हॅले इथे जन्मला."

'रूट्स'वाला हॅले! 1976 चे ते पुस्तक आपल्या चळवळीतल्या किती जणांनी रात्री जागून वाचले असेल. हॅलेचा जन्म 1921 चा. वडील कॉर्नेलमध्ये शेतीशास्त्र शिकायला आले होते आणि आई याच गावात संगीत शिकत होती. पुढे ते तान्हे मूल दक्षिणेत, टेनेसीत, आजोळी गेले. त्या पुस्तकात फिडल वाजवणारा एक गुलाम आहे. गोऱ्यांच्या मेजवान्यांत वाजवायचा, मिळेल तो पैसा साठवायचा आणि स्वतःची किंमत भरून मोकळे व्हायचे, हा त्याचा बेत. पैसे जमतात, तो घेऊन जातो आणि मालक किंमत वाढवून सांगतो. ते पान आम्ही विशीत वाचले, तेव्हाही आम्हांला सनई आठवली होती.

परत येताना लोकांच्या बागांकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. कित्येक हिरवळींवर काळ्यांच्या जिवालाही मोल आहे अशा अर्थाच्या पाट्या रोवलेल्या होत्या. पण हिरवळीवर बसलेल्यांत काळी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही हे बोलून दाखवले. सेक्रेटरी म्हणाला, "अडवत कुणी नाही. पण ओटी लागते ना. ज्याच्याकडे घर त्याच्याकडे ओटी. इथे भाडी काय आहेत तुला माहीत नाही."

"तुझी आहे की."

"घरमालकिणीची आहे."

"कधी विचारलंस?"

तो गप्प राहिला.

पाचला घरी पोचलो. समोरच्या ओटीवर तो तरुण, एक फिडलवाली मुलगी आणि एक गिटारवाला. आम्ही आपल्या बाजूच्या पायरीवर बसलो, वर ओटीत घरमालकीण खुर्ची टाकून बसलेल्या. गाणे सुरू झाले. जुनी नाचाची चाल असावी, शब्द नाहीत, तेच तेच फिरून येणारे आणि दर फेरीला थोडे वेग घेणारे. तिसऱ्या फेरीला आम्हांला शेजारून आवाज आला. सेक्रेटरीची बोटे लाकडी पायरीवर पडत होती. केरवा. त्याचे तोंड भलतीकडेच होते, जणू बोटे दुसऱ्या कोणाची.

आम्ही काही बोललो नाही. टाळी दिली, कोरसातली, जागच्या जागी.

त्या बँजोवाल्याने ते रस्त्यापलीकडून पाहिले. चाल संपल्यावर त्याने हात केला, इकडे या. सेक्रेटरी नको म्हणाला. वरून घरमालकीण बाईंनी काहीतरी म्हटले, त्याचा अर्थ 'जा की' असाच असावा. तरी हा बसून. शेवटी वहिनी आतून आल्या, हात पुसत म्हणाल्या, "अहो, चाळीत तर उठवल्याशिवाय थांबत नव्हतात."

तो उठला. रस्ता ओलांडला. समोरच्या बागेत शिरला, हिरवळीवर बसलेल्यांमधून वाट काढत ओटीपर्यंत गेला. ढोलकी कुठली असणार तिथे? कोणीतरी प्लास्टिकची मोठी बादली पालथी घालून दिली, बसायला खुर्ची दिली. चाल पुन्हा सुरू झाली. दोन फेऱ्या तो नुसता बोटांनी चाचपडत राहिला. मग त्याला बादलीचा कडेचा आवाज सापडला, मधला सापडला, आणि डाव्या हाताने घुमारा काढायला लागला तशी फिडलवाली मुलगी मागे वळून बघू लागली. केरवा कुठेही बसतो, वाचकहो. तिथेही बसला. तिघे एक चाल संपवून थांबेनात, दुसरीत शिरले, तिसरीत शिरले. आम्ही रस्त्याच्या अलीकडून टाळ्या देत होतो ते केव्हा पलीकडे जाऊन हिरवळीच्या मधोमध बसलो, आठवत नाही.

संपल्यावर त्या घरच्या बाईंनी सरबताचा पेला आणून त्याच्या हातात दिला. हातातच. त्याचे तळवे लाल झाले होते, पेला दोन्ही हातांनी धरला होता.

रात्री जेवताना म्हणाला, "प्लास्टिकवर शाईचा नाद नाही रे येत. एक ढोलकी धाडशील?"

परतल्यावर 2020 च्या जानेवारीत आम्ही घेतली. ओळखीच्या कारागिराकडून, शिसवीची, दोन्ही पुड्या नव्या. कोणीतरी जाणाऱ्याच्या हाती द्यायची म्हणून भिंतीला टांगली. मार्चमध्ये कोरोनाने सगळ्या जगाची दारे लावली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत सेक्रेटरीची आई चाळीतल्या खोलीतून रुग्णालयात गेली ती परत आली नाही. त्याला येता आले नाही. आम्ही स्मशानाबाहेर मोबाईल धरून उभे होतो, पलीकडे तो. त्या फोनवर तो एक शब्द बोलला नाही. त्यानंतर ढोलकीचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही. आई पॅसेजमध्ये दारात बसून ढोलकी ऐकायची, हे आम्हांला ठाऊक होते. दर दिवाळीच्या साफसफाईला सौ. ती खाली काढून पुसत आणि पुन्हा टांगत.

म्हणून गेल्या महिन्यातला तो फोन. घरमालकीण बाई आता ऐंशीकडे झुकल्या आहेत. त्याने पहिल्यांदाच विचारले आणि त्यांनी एवढेच विचारले म्हणे, आवाज किती होतो? त्याने सांगितले, बादलीपेक्षा कमी. तीन ते चारची वेळ मिळाली आहे. बँजोवाला गाव सोडून गेला, पण फिडलवाली आहे. पेटीला कोणी नाही. गायला वहिनी आणि मुलगी. मुलीला मराठी गाणे इंग्रजी अक्षरांत लिहून दिले आहे.

आमचा भाचा सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क राज्यातच शिकायला निघाला आहे. त्याच्या हाती ढोलकी द्यायचे ठरले. परवा त्याच्या घरी सामान बांधायला बसलो. 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात. ढोलकी गोधडीत गुंडाळून आत ठेवली तर काटा 26 वर गेला.

बहीण म्हणाली, "दादा, पुस्तकं राहू द्या, कपडे राहू द्या, तुमची ढोलकी काढा."

भाचा म्हणाला, "आई, मसाला काढ."

"मसाला काढून काय खाणार तिकडे?"

अर्धा तास हे चालले. गोधडी काढली, तिच्या जागी त्याचेच दोन स्वेटर ढोलकीला गुंडाळले. लोणच्याची बरणी निघाली. तरी काटा 23 च्या वर थोडा होताच. शेवटी बहिणीने मसाल्याचे एक पाकीट काढून ओट्यावर ठेवले आणि पुन्हा वजन करायला सांगितले. सुक्या बोंबलांची पुडी तेवढी तिने कोणाला हात लावू दिली नाही. म्हणाली, "ती सेक्रेटरीभाऊंची आहे."